वणवा येण्याआधी वस्तीने मिळून काय ठरवून ठेवायचं?

रानवाट

जंगलाच्या कडेला राहणाऱ्या आणि अशा वस्त्यांसोबत काम केलेल्या सगळ्यांसाठी हा धागा काढतेय.

आमच्या वस्तीने वणव्यासाठी मिळून आराखडा करायचं ठरवलंय. पहिल्या बैठकीत बहुतेक वेळ जाळरेषेवरच, म्हणजे आग अडवायला गवत-झुडपं काढून साफ ठेवलेल्या पट्ट्यावरच गेला. कुठून काढायची, किती रुंद, कोणी काढायची. जंगल आणि वस्ती यांच्यामध्ये रुंद पट्टा साफ ठेवला की आग अलीकडे येत नाही, असं बहुतेकांना वाटतं. जाळरेषा हवीच. जमिनीलगत सरकणारी गवतातली आग ती अडवते, विझवणाऱ्यांना उभं राहायला जागा देते. पण वारा जोराचा असला की जळती पानं, सालीचे तुकडे, काटक्या उडून पट्ट्याच्या पलीकडे पडतात. मोठ्या वणव्यात तर काही किलोमीटर पुढेसुद्धा. ते कोणतीही जाळरेषा अडवू शकत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की आराखड्याची सुरुवात घराच्या भिंतीपासून करावी आणि तिथून बाहेर सरकत जंगलापर्यंत जावं.

अमेरिकी वनसेवेतले शास्त्रज्ञ जॅक कोहेन यांनी वणव्यात घरं नेमकी कशी पेटतात यावर बराच अभ्यास केला. १९९० च्या दशकाच्या अखेरीस कॅनडाच्या उत्तर भागात संशोधनासाठी मुद्दाम मोठ्या आगी लावल्या गेल्या, तेव्हा त्या जंगलासमोर त्यांनी लाकडी भिंती उभ्या करून पाहिल्या. शेंड्यापर्यंत पेटलेल्या झाडांपासून १० मीटरवरच्या काही भिंती पेटल्या. २० आणि ३० मीटरवरच्या पेटल्या नाहीत. म्हणजे नुसत्या धगीने घर पेटायला जंगल अगदी जवळ यावं लागतं. मग एवढी घरं जळतात कशी? २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्नियातलं पॅराडाइज जळालं. ८५ माणसं गेली, १८ हजारांहून जास्त इमारती गेल्या. त्या गावाचे नंतरचे फोटो बघा. घराच्या जागी राख आणि शेजारी हिरवी झाडं तशीच उभी. आधी ठिणग्यांनी काही घरं धरली, मग पेटत्या घराने शेजारचं घर पेटवलं.

जळण्यासारखं आधी कुठून हटवायचं हे ठरवायला घराभोवती तीन वर्तुळं धरतात: भिंतीपासून दीड मीटर, मग ९ मीटरपर्यंत, मग ३० मीटरपर्यंत. आता आपल्यासारख्या दाटीच्या वस्तीत एखाद्या घराभोवती ३० मीटरचं वर्तुळ काढून बघा. त्यात शेजाऱ्याचं अंगण येतं, त्याची मागची शेड येते, सामायिक वाट येते, कुणाचा तरी मोकळा प्लॉट येतो. माझं घर वाचणं शेजाऱ्यावर अवलंबून आणि त्याचं माझ्यावर. एकट्याने कितीही झाडलोट केली तरी हे भागत नाही.

तुमच्याकडे असं काही झालं असेल तर सविस्तर लिहा. लोकांना कसं पटवलं, आराखड्यात काय आलं, काय राहून गेलं.

माळरान

विषय महत्त्वाचा आहे, पण एक शंका मांडतो. जंगल वनखात्याचं, आग विझवायला अग्निशमन दल. जबाबदारी त्यांची असताना सगळा भार लोकांनी का उचलायचा? असे आराखडे लोकांच्या गळ्यात पडले की यंत्रणा हात वर करते, हे पाहिलंय. शिवाय वस्तीत सगळे सारखे नसतात. कुणाकडे वेळ नाही, कुणाकडे पैसे नाहीत, कुणी भाड्याने राहतो. छप्पर बदला, भिंत बदला म्हणणं सोपं आहे.

चकमक

माळरान, मी अग्निशमन दलात काम केलंय, त्या बाजूने सांगतो.

यंत्रणेची जबाबदारी कमी होत नाही आणि होऊ देऊही नये. पण वणव्याच्या दिवसाचं गणित साधं आहे. एका घराला आग लागली तर एक-दोन गाड्या येतात, पुरतात. वणव्याच्या ठिणग्या वस्तीवर पडायला लागल्या की एकाच वेळी पंधरा-वीस ठिकाणी आग धरते. प्रत्येक ठिकाणी वेळेत गाडी पोचवणं कुठल्याही दलाला सहसा जमत नाही. त्या वेळी कोणत्या घराकडे जायचं आणि कोणतं सोडायचं हे काही क्षणांत ठरवावं लागतं. ज्या घरापर्यंत गाडी पोचते, जिथे वळायला जागा आहे, जिथे भिंतीला लाकडं टेकलेली नाहीत, तिथे आम्ही थांबतो. बाकीची सोडून पुढे जातो. हे ऐकायला कठोर वाटेल, पण असंच होतं.

आता ठिणगी घर कसं पेटवते ते जवळून सांगतो, कारण हे एकदा डोळ्यांपुढे आलं की लोक आपणहून कामाला लागतात. छताच्या कडेची पन्हळ घ्या. तिच्यात वर्षभराची पानं साठून वाळलेली. वारा छतावरून येतो आणि ठिणग्या नेमक्या त्या पन्हळीत आणून टाकतो, कारण कचराही वाऱ्यानेच तिथे आणलेला असतो. नखाएवढा निखारा. आधी नुसता धूर, मग पानं धरतात, ज्वाळ छपराच्या कडेखाली शिरते, तिथल्या फळ्यांना लागते. पाच-दहा मिनिटांत आग आतल्या माळ्यावर. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं घर अचानक पेटलं. तसंच दारातलं काथ्याचं पायपुसणं, भिंतीला टेकवलेला झाडू, पायऱ्यांखाली रचलेलं सरपण, हवेशीर राहावं म्हणून ठेवलेला झरोका. झरोक्याला साधारण ३ मिलिमीटरची धातूची जाळी असेल तर मोठे निखारे आत जात नाहीत. प्लास्टिकची जाळी वितळते, तिचा काही उपयोग नाही.

यातल्या बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही. पन्हळ साफ करणं, सरपण ९ मीटर लांब नेणं, पहिल्या दीड मीटरमध्ये जळण्यासारखं काही न ठेवणं. भाडेकरूही हे करू शकतो. छप्पर बदलणं नंतरची गोष्ट.

उंबरठा

चकमक, धन्यवाद. माझा प्रश्न घरांचा नाही, माणसांचा आहे. माझ्या आईला चालता येत नाही. आमच्या गल्लीत आणखी चार घरांत एकटी म्हातारी माणसं आहेत. पॅराडाइजबद्दल मीही वाचलं होतं. तिथे गेलेल्यांत बहुसंख्य लोक ६५ वर्षांच्या पुढचे होते. धोक्याचा संदेश फोनवर यायचा तो ज्यांनी आधी नाव नोंदवलं होतं त्यांनाच, त्यामुळे पुष्कळांना तो आलाच नाही. गावाचे विभाग पाडून कोणी कधी निघायचं हे आधीच ठरलेलं होतं, सरावही झाला होता. पण आग इतक्या वेगाने आली की सगळे विभाग एकदमच रस्त्यावर आले आणि रस्ते तुंबले.

दुसरी एक बारीक गोष्ट कुठेच बोलली जात नाही. २०१७ च्या कॅलिफोर्नियातल्या आगीत वीज गेल्यावर काही वयस्क लोकांना गॅरेजचं विजेवर चालणारं दार उघडता आलं नाही, गाडी असूनही ते अडकले. त्यानंतर तिथे कायदा झाला आणि २०१९ पासून नव्या स्वयंचलित दारांना बॅटरीची सोय सक्तीची झाली. आमच्या सोसायटीचं फाटक विजेवर चालतं. वीज गेली तर ते हाताने कसं उघडायचं हे एकट्या रखवालदाराला माहीत आहे.

आराखडा करणाऱ्यांनी आधी अशी माणसं मोजावीत, मग झाडं.

रानवाट

उंबरठा, हे तुम्ही फार नेमकं मांडलंत. आमच्या बैठकीत हा मुद्दा कुणीच काढला नव्हता. मी आता घरटी एक कागद करायचं सुचवणार आहे. घरात कोण आहे, कुणाला उचलून न्यावं लागेल, कुणाला ऑक्सिजन किंवा विजेवर चालणारं यंत्र लागतं, गाडी आहे का, जनावरं किती, दुपारी घरी कोण असतं. शेवटचा मुद्दा मुद्दाम, कारण वणवे बऱ्याचदा दुपारच्या उन्हात आणि वाऱ्यात भडकतात आणि तेव्हा कमावती माणसं बाहेर असतात. प्रत्येक अशा घरासाठी दोन शेजाऱ्यांची नावं. एक नाव पुरत नाही, तो त्या दिवशी गावाला गेलेला असू शकतो.

माळरान, तुमच्या शंकेत तथ्य आहे. म्हणून आराखड्यावर खात्याची आणि दलाची सहीसुद्धा हवी, असं मला वाटतं. अमेरिकेत २००३ च्या एका कायद्याने वस्त्यांना असे आराखडे करायला सांगितलं, त्यात स्थानिक प्रशासन, अग्निशमन दल आणि राज्याचं वनखातं या तिघांची संमती लागते. कुठला भाग आधी साफ करायचा याचा क्रम आणि घरं कमी पेटावीत यासाठीचे उपाय, दोन्ही त्यात असावे लागतात. असा आराखडा असला की सरकारी निधी आणि कामं ठरवताना त्या वस्तीचं म्हणणं पुढे येतं. म्हणजे लोकांनी कागद केला म्हणून यंत्रणा सुटत नाही, उलट ती त्या कागदाला बांधली जाते.

पाणकळा

आमच्याकडे अशा समितीत मी काम केलंय. अनुभवाचं सांगते: पहिल्या वर्षी उत्साह भरपूर, दुसऱ्या वर्षी निम्मे लोक गायब. टिकवायचं कसं हाच खरा प्रश्न. अमेरिकेत २००२ पासून 'फायरवाइज' नावाचा उपक्रम चालतो, त्याची रचना मला शहाणपणाची वाटते. किमान ८ घरांची वस्ती चालते. आधी धोक्याची पाहणी करायची, मग तीन वर्षांचा कृती आराखडा, आणि दरवर्षी प्रत्येक घरामागे किमान एका तासाच्या श्रमाइतकं काम किंवा खर्च झाल्याचं दाखवायचं. एक तास! एवढं कमी मागितलं म्हणून लोक नाही म्हणत नाहीत आणि एकदा हातात कोयता घेतला की तासावर थांबतही नाहीत. पाहणी दर पाच वर्षांनी पुन्हा.

आणखी एक, पाण्याबद्दल. नळाला पाणी असेल हे धरून चालू नका. वीज गेली की पंप बंद. घरं जळायला लागली की फुटलेल्या नळांतून पाणी वाहून जातं आणि सगळ्या जाळ्यातला दाब उतरतो. पॅराडाइजमध्ये तर प्लास्टिकच्या नळ्या तापल्यामुळे आणि दाब गेल्यामुळे पाण्यात बेंझिन हे विषारी रसायन मिसळलं, आग विझल्यावरही कित्येक महिने ते पाणी पिण्याजोगं नव्हतं. म्हणून वस्तीत गाडीला पाणी ओढता येईल असा साठा, विहीर, तळं, टाकी जे असेल ते, नकाशावर ठळक दाखवा आणि तिथपर्यंत गाडी जाते का ते प्रत्यक्ष गाडी नेऊन बघा. तोटीची जोडणी दलाच्या होजला बसते का, हेही.

आडवाट

मी जंगलाच्या बाजूने बोलणार आहे, कुणी रागावू नका. "साफसफाई" म्हटलं की लोक कुऱ्हाड घेऊन निघतात. सगळी झुडपं काढली, जमीन उघडी केली की पहिल्याच पावसात माती वाहून जाते, आणि त्या उघड्या जागेत वाळकं, चटकन पेटणारं परकं गवत माजतं. हवाईमधलं लाहाइना २०२३ च्या ऑगस्टमध्ये जळालं, शंभरावर माणसं गेली. तिथे उसाचे आणि अननसाचे मळे बंद पडल्यावर पडीक जमिनीवर परदेशातून आलेली उंच गवतं पसरली होती, तीच इंधन झाली. मूळ जंगल तिथे कधीच तोडलं गेलं होतं.

दुसरं म्हणजे आग हा सरसकट शत्रू नाही. अमेरिकेने १९३५ मध्ये धोरण ठरवलं की कुठलाही वणवा दिसला की दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात यायला हवा. चार दशकांहून जास्त काळ ते चाललं, १९७८ मध्ये सोडून दिलं. मधल्या काळात लहान आगींनी जो पालापाचोळा साफ व्हायचा तो साचत गेला. याउलट ऑस्ट्रेलियात उत्तरेकडच्या आर्नहेम लँडमध्ये तिथले मूळ रहिवासी कोरड्या ऋतूच्या सुरुवातीला, गवत अजून अर्धवट ओलं असताना, छोट्या छोट्या, कमी धगीच्या आगी लावतात. त्यामुळे उन्हाच्या तडाख्यात येणाऱ्या मोठ्या आगीला सलग इंधन मिळत नाही. २००६ पासून तिथे हे काम मोठ्या प्रमाणावर, मूळ रहिवाशांचं ज्ञान आणि शास्त्रज्ञांची मोजणी एकत्र करून चाललंय.

चकमक

आडवाटशी सहमत, एक काळजी घालून. नियंत्रित आग लावणं हे वस्तीने स्वतःच्या बळावर करायचं काम नाही. हवेतली आर्द्रता, वारा, उतार, माणसं, पाणी, परवानगी हे सगळं जुळलं तरच. जाळरेषा जाळताना सुटलेल्या आगीने वणवा लागल्याची उदाहरणं कमी नाहीत. अनेक ठिकाणी परवानगीशिवाय जंगलात आग लावणं गुन्हा आहे. भारतात १९२७ च्या वन कायद्यानुसार राखीव जंगलात तर आहेच.

साफसफाईचा अर्थ तोडणं असा घेऊ नका. मोठी झाडं राहू द्या. त्यांच्या खालच्या फांद्या छाटा, म्हणजे गवतातली आग फांदीला धरून शेंड्यापर्यंत चढणार नाही. झुडपं सलग नकोत, पुंजक्यांनी राहू द्या आणि मध्ये मोकळी जागा ठेवा. आणि उताराकडे नीट बघा. चढ १० अंशांनी वाढला की आगीचा वर चढण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. टेकडीच्या माथ्यावर घर असेल तर खालच्या अंगाचं अंतर ३० मीटरवर थांबवून चालत नाही.

माळरान

हळूहळू पटतंय. पण ज्या मोकळ्या प्लॉटचे मालक इथे राहतच नाहीत त्यांचं काय? आमच्याकडे सगळ्यात वाईट गवत अशाच जागांवर असतं. शेजारी आत जाऊन कापायला गेला तर भांडण.

पाणकळा

हा प्रश्न सगळीकडे आहे. पोर्तुगालमध्ये कायद्याने घराभोवती ५० मीटर आणि गावाभोवती १०० मीटरचा पट्टा साफ ठेवायला लागतो. हा नियम २००६ पासूनचा, पण अंमल ढिला होता. २०१७ च्या जूनमध्ये पेद्रोगाव ग्रांदेच्या वणव्यात ६६ माणसं गेल्यावर सरकारने तारीख ठरवून, दंड वाढवून तो लागू करायला घेतला. दंडाने सगळं होत नाही, हेही तिथे दिसलं, कारण गावं सोडून गेलेल्या म्हाताऱ्या मालकांच्या नावावरच्या जमिनी तुकड्या-तुकड्यांत पसरल्या आहेत आणि मालक सापडतच नाहीत.

आम्ही जे केलं ते असं. मालकांना दोन महिने आधी पत्र, सोबत त्या जागेचा फोटो आणि एका ओळीचं संमतिपत्र: "समितीने माझ्या जागेतलं वाळलेलं गवत कापायला माझी हरकत नाही." बहुतेकांनी सही करून पाठवलं. त्यांना त्रास नको होता आणि खर्चही नको होता. उरलेल्यांसाठी स्थानिक प्रशासनाकडून नोटीस.

आणि शेळ्या-मेंढ्या विसरू नका. स्पेनमधल्या कातालोनियात अग्निशमन दल सांगतं की कुठला पट्टा मोक्याचा आहे आणि मेंढपाळ तिथे कळप चारतात. त्या कळपांचं मांस आणि चीज वेगळ्या नाममुद्रेने विकलं जातं, त्यामुळे मेंढपाळालाही परवडतं. यंत्र जिथे चढत नाही तिथे शेळी चढते. कळप एकाच जागी फार दिवस ठेवायचा नाही, नाहीतर आडवाट म्हणतात तशी जमीन उघडी पडते.

उंबरठा

निघायचं की थांबायचं यावर कुणी लिहाल का? आमच्याकडे दोन तट आहेत. काही म्हणतात घर सोडायचं नाही, पाणी मारत राहायचं.

चकमक

उंबरठा, यावर थोडं मोठं लिहितो, कारण माणसं इथेच जातात.

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात वर्षानुवर्षं सल्ला होता: तयारी असेल तर थांबा आणि घर राखा, नाहीतर लवकर निघा. सल्ल्यामागे अनुभव होता. ७ फेब्रुवारी २००९ ला, ज्याला तिथे 'ब्लॅक सॅटर्डे' म्हणतात, १७३ माणसं गेली आणि त्यातले पुष्कळ जण घरातच गेले. चौकशी आयोग बसला. मुख्य शिकवण अशी निघाली की काही दिवस इतके भयंकर असतात की उत्तम तयारीचं घरही राखता येत नाही. म्हणून त्यांनी धोक्याच्या पातळ्यांत सर्वांत वरची एक नवी पातळी आणली. आता २०२२ पासून सगळ्या देशात चारच पातळ्या आहेत आणि सर्वांत वरच्या पातळीचा अर्थ एकच: त्या भागात थांबू नका, आग लागलेली नसली तरी.

दुसऱ्या बाजूला, उशिरा निघणं सर्वांत घातक. पेद्रोगाव ग्रांदेमध्ये गेलेल्यांपैकी बहुतेक रस्त्यावर गेले, गाडीत किंवा गाडीच्या आसपास. धुरात रस्ता दिसत नाही, एक गाडी आपटली की मागच्या सगळ्या अडकतात. ग्रीसमधल्या 'माती' नावाच्या किनाऱ्यावरच्या गावात २०१८ च्या जुलैत शंभरावर माणसं गेली. समुद्र अगदी जवळ होता, पण कुंपणांनी आणि घरांनी वाटा बंद झालेल्या, कुठून खाली उतरायचं हे कळेपर्यंत आग पोचली होती.

तेव्हा वस्तीने तीन गोष्टी आधी ठरवायच्या. एक, निघण्याची खूण. "आग जवळ आली की" ही खूण नव्हे. अमुक टेकडीमागे धूर दिसला, किंवा धोक्याची अमुक पातळी जाहीर झाली, अशी डोळ्यांना दिसणारी किंवा कानांना ऐकू येणारी खूण. ज्यांच्या घरी चालू न शकणारी माणसं आहेत त्यांची खूण इतरांच्या एक पायरी आधी. दोन, दोन वाटा. एक बंद झाली तर दुसरी कुठली, आणि त्या वाटेच्या दोन्ही कडांचं गवत आधी कापायचं. तीन, निघणं जमलंच नाही तर शेवटचा आसरा: मोठं मोकळं मैदान, नांगरलेलं शेत, पक्क्या इमारतीचं मोकळं आवार. व्हिक्टोरियाने २००९ नंतर अशा जागा ठरवून फलक लावले. तिथे जीव वाचेलच याची खात्री नाही, पण रस्त्यावर गाडीत अडकण्यापेक्षा ते बरं. अंगावर सुती किंवा लोकरीचे, पूर्ण बाह्यांचे कपडे. नायलॉन, पॉलिएस्टर नको, ते वितळून कातडीला चिकटतं.

पोर्तुगालने २०१८ पासून 'सुरक्षित गाव, सुरक्षित माणसं' अशा अर्थाचा कार्यक्रम सुरू केला. त्यात प्रत्येक गावात एक स्थानिक सुरक्षा-जबाबदार माणूस, एक ठरलेली आसऱ्याची जागा आणि सराव. जबाबदार माणूस गावातलाच असतो. कोण कुठल्या घरात झोपतं हे त्यालाच माहीत असतं.

आडवाट

उपग्रहाच्या सूचनांबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून भर. नासाच्या 'फर्म्स' संकेतस्थळावर जगातल्या आगींचे ठिपके दिसतात, भारतात भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडे नाव नोंदवलं की फोनवर सूचना येते. उपयोगी आहे, पण विसंबू नका. एक उपकरण साधारण १ किलोमीटरच्या चौकोनात बघतं, दुसरं ३७५ मीटरच्या. उपग्रह दिवसातून मोजक्याच वेळा डोक्यावरून जातो. दोन फेऱ्यांमध्ये लागलेली गवताची आग तेवढ्या वेळात वस्तीपर्यंत आलेली असते. उंचावरून नजर ठेवणारी माणसं आणि त्यांचा एक ठरलेला फोन नंबर यांना पर्याय नाही.

पाणकळा

+१. आणि धूर! आग दहा किलोमीटर लांब असली तरी दम्याच्या माणसाचे हाल होतात. ओला रुमाल बारीक कण अडवत नाही, एन९५ मास्क लागतो. प्रत्येक गल्लीत एका घरातली एक खोली खिडक्या-दारं नीट बंद होणारी, शक्य असल्यास हवा गाळणारं यंत्र असलेली ठेवावी. लहान मुलं आणि आजारी माणसं तिथे बसवता येतात.

माळरान

असं सगळं करून एखादी वस्ती खरंच वाचलीय का? बैठकीत हा प्रश्न येणारच.

रानवाट

आहे उदाहरण. चिलीमध्ये २०२४ च्या फेब्रुवारीत वालपराइसो भागात भीषण वणवे लागले, १३० च्या वर माणसं गेली. त्यातच किल्पुए शहराच्या कडेची बोतानिया नावाची छोटी वस्ती, आजूबाजूची घरं जळत असताना वाचली. त्याआधी तिथल्या रहिवाशांनी वनसंस्थेच्या मदतीने प्रशिक्षण घेतलं होतं, तण काढलं होतं, झाडं छाटली होती, कचरा उचलला होता, वस्तीभोवती पट्टा मोकळा ठेवला होता. कॅनडात फोर्ट मॅकमरेला २०१६ मध्ये साधारण ८८ हजार लोकांना बाहेर काढावं लागलं आणि सुमारे २,४०० इमारती जळाल्या. तिथे नंतर शेजारशेजारची जळालेली आणि वाचलेली घरं ताडून पाहिली तेव्हा वाचलेल्यांमध्ये भोवताल साफ ठेवलेली घरं जास्त निघाली.

हमी कुणीच देऊ शकत नाही. वारा फारच असेल तर तयारीची घरंही जातात.

सगळ्यांनी लिहिलंय त्यावरून पुढच्या बैठकीसाठी मसुदा टाकते, चुका काढा:

कोरडा ऋतू सुरू होण्याच्या दोन महिने आधी घरोघर पाहणी, दोघादोघांच्या जोड्यांनी, फॉर्म एका पानाचा. पहिल्या दीड मीटरमधल्या वस्तू हलवणं आणि पन्हळी साफ करणं प्रत्येक घराने स्वतः. ज्यांना शिडीवर चढता येत नाही त्यांची पन्हळ तरुणांच्या गटाने. बाहेरच्या मालकांना पत्रं. दुसऱ्या वाटेच्या कडेचं गवत सामूहिक श्रमदानातून. कापलेला पाला जागेवर पेटवायचा नाही, कुजवायचा किंवा वाहून न्यायचा. फाटक हाताने कसं उघडायचं हे प्रत्येक घरातल्या एकाला दाखवायचं. मदत लागणाऱ्या घरांची यादी आणि दोन-दोन नावं. गल्लीनिहाय निरोप देणारी माणसं, फोन बंद पडला तर घंटा. वर्षातून एक सराव, तोही कामाच्या दिवशी दुपारी. वनखातं आणि अग्निशमन दल यांना पाहणीच्या दिवशीच बोलावायचं, आराखडा तयार झाल्यावर सहीपुरतं नको. धोका जाणवल्यास शक्य तितक्या लवकर वस्ती रिकामी करायची.

उंबरठा

यादी कागदावर ठेवा आणि ती दोन घरांत असू द्या. फक्त फोनमध्ये असेल तर वीज आणि टॉवर गेल्यावर ती उघडणार नाही. आणि कृपया यादी ग्रुपवर टाकू नका, कुठल्या घरात म्हातारं माणूस एकटं राहतं हे सगळ्या जगाला कळायला नको.

आडवाट

आगीनंतरचं कलम घाला. जळालेल्या उतारावर पाऊस पडला की माती धरून ठेवायला काही नसतं. कॅलिफोर्नियात मॉन्टेसिटोला ९ जानेवारी २०१८ ला, वणव्यानंतर महिन्याभरातच, चिखल-दगडांचा लोंढा आला आणि २३ माणसं गेली. वणवा गेला म्हणून उताराखालच्या घरांनी पहिल्या मोठ्या पावसात निर्धास्त राहायचं नाही, एवढं एक वाक्य तरी हवंच.

चकमक

रानवाट, मसुदा चांगला आहे. शेवटचं वाक्य मात्र बदला. "धोका जाणवल्यास शक्य तितक्या लवकर" असं लिहिलं तर त्या दिवशी प्रत्येक घर आपापला अर्थ लावेल. कुठल्या टेकडीवर धूर दिसल्यावर, कुणी घंटा वाजवायची, तो नसेल तर कुणी, आणि घंटेनंतर किती मिनिटांत पहिली गाडी फाटकाबाहेर, हे चारही तिथे लिहा. मिनिटांचा आकडा सरावात घड्याळ लावून काढा. उंबरठांच्या आईंना खुर्चीतून गाडीत बसवायला जेवढा वेळ लागतो, तिथून मोजायला सुरुवात करा.